उसने सोंडे

नदी साफ करायची कल्पना माझी नव्हती. मेव्हण्याच्या शेजारी राहायला जायचं नाही, एवढीच माझी कल्पना होती. नदी त्यात विनाकारण ओढली गेली.

आमच्या इमारतीच्या मागून नदी जाते. जाते असं आपलं म्हणायचं. गेली काही वर्षं ती कुठेही जात नव्हती, जलपर्णीचं हिरवं पांघरूण डोक्यावरून ओढून जागच्या जागी पडून होती. पांघरूण इतकं दाट, की या काठावरचं कुत्रं त्यावरून चालत जाऊन पलीकडच्या कुत्र्यांशी भांडून परत यायचं. आम्ही घर घेतलं तेव्हा बिल्डरने जाहिरातीत ‘खळाळता शेजार’ असं छापलं होतं. त्याला हुडकून काढायचा मी पुढे प्रयत्न केला, पण तो स्वतः डोंगरावर राहायला गेला होता.

या पांघरुणाखाली डास होत. संध्याकाळी आमच्या घरात बाहेरून कुणी डोकावलं असतं, तर ही माणसं एकमेकांना आणि अधूनमधून स्वतःलाही थोबाडीत मारतात, तेव्हा यांच्यात न पडलेलं बरं, असाच त्याचा समज झाला असता. अशाच एका संध्याकाळी बायकोने डास मारायची रॅकेट टेबलावर ठेवली. ठेवण्याच्या आवाजावरूनच मला कळलं की विषय डासांच्या पुढे गेला आहे.

“अहो, मी शेवटचं सांगते. एक तर हे डास जातील, नाहीतर आपण जाऊ. दादाच्या दारासमोरचा फ्लॅट रिकामा झालाय.”

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो स्वभावाने चांगला आहे हे इथेच सांगून टाकतो, पुढे सांगायची इच्छा राहील असं वाटत नाही. दादाच्या खिशात कायम एक स्क्रू ड्रायव्हर असतो. आमच्याकडे आला की बूट काढायच्या आधी तो दाराची बिजागरी तपासतो. एकदा जेवायला म्हणून आला आणि जेवण वाढेपर्यंतच्या वेळात माझी सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून मोकळा झाला. तेव्हापासून मला एकही पुस्तक सापडलेलं नाही. मी एखादं वाक्य सुरू केलं की ते तो पूर्ण करतो. माझ्यापेक्षा चांगलं पूर्ण करतो, हे जास्त झोंबतं. मला तो ‘जावईबापू’ म्हणतो. या शब्दात मान असतो असं ऐकून आहे. त्याच्या तोंडून ऐकला की मला गणितात नापास झाल्यासारखं होतं. अशा माणसाच्या दारासमोर दार! सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की समोर स्क्रू ड्रायव्हर! मी त्याच क्षणी ठरवलं, डास गेले पाहिजेत. आणि डास जायचे तर जलपर्णी गेली पाहिजे.

सोसायटीची सभा गच्चीवर भरली. सभेत सर्वांत आधी आमच्या बरोबर डोक्यावर राहणारे प्राध्यापक बोलले. त्यांनी जन्मभर जमाखर्च शिकवला, पण मतं मात्र उरलेल्या सर्व शास्त्रांवर बाळगली. “प्रश्नाच्या मुळाशी गेलं पाहिजे,” ते म्हणाले. जलपर्णीची मुळं पाण्यात असल्यामुळे ते स्वतः मुळाशी जाणार नव्हते, इतरांनी जायचं होतं. शेजारच्या वकीलसाहेबांनी, नदीवर दावा लावता येतो पण तिला समन्स बजावणं अवघड जाईल, असं मत दिलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, “फूल मात्र काय गोड येतं हो तिला!” शेवटी येत्या रविवारी सर्वांनी मिळून ती उपटायची असं ठरलं.

त्या रविवारचं वर्णन मी करणार नाही. रेनकोट घालून गुडघाभर चिखलात उभे असलेले सुशिक्षित लोक हा काही बघण्यासारखा देखावा नसतो. उपटण्यापेक्षा फोटो जास्त काढले गेले. प्राध्यापक काठावर उभे राहून श्रमाचं महत्त्व सांगत होते. दुपारपर्यंत एक बऱ्यापैकी ढीग झाला, तेव्हा तो कुठे टाकायचा हा प्रश्न कुणीच आधी विचारात घेतला नव्हता असं लक्षात आलं. “पुलाच्या पलीकडे टाका की,” कुणीतरी म्हणालं. आम्ही तो पुलाच्या पलीकडे, त्याच नदीत टाकला आणि टाळ्या वाजवल्या. ही वनस्पती तुटलेल्या तुकड्यांपासून वाढते हे आम्हाला माहीत नव्हतं. तिला होतं. महिन्याभरात पुलाच्या पलीकडेही हिरवंगार झालं आणि तिथल्या सोसायटीने आमच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली.

मी विमा कंपनीत आहे. लोकांची मोडलेली वस्तू खरोखर मोडली आहे, की मालकाने हातोडी घेऊन मोडली आहे, हे पाहणं माझं काम. तेव्हा खोटेपणा मला लांबून कळतो, असा माझा समज होता आणि कार्यालयात तसा लौकिकही होता. अशा माणसाने सरकारी कचेऱ्यांत जायला घाबरू नये. मी रजा टाकून नगरपालिकेत गेलो.

“काठ आमचा,” तिथला अधिकारी म्हणाला. “पाणी सुरू झालं की आमची हद्द संपली. पाटबंधाऱ्यात जा.”

पाटबंधाऱ्यातल्या गृहस्थांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “आमच्याकडे तळ असतो,” ते म्हणाले. “तुमची ही झाडं तळाला टेकलीयत का?”

“नाही हो, तरंगतात.”

“मग जलवाहतूक.”

जलवाहतूक विभागात एकच बाई होत्या आणि त्या नखं कापत होत्या. “ते पुढे सरकतं का?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“सरकत नाही हीच तर तक्रार आहे. अडकून बसलंय.”

“अडकलंय म्हणजे अडथळा. अडथळे नगरपालिकेकडे.”

मी पुन्हा नगरपालिकेत गेलो नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो. नगरपालिकेचाच शिपाई बाहेर भेटला म्हणून त्याच्या सांगण्यावरून नदीखोरे प्राधिकरणात गेलो. तिथे मात्र दारावर चक्क ‘परकी जलचर व जलवनस्पती व्यवस्थापन कक्ष’ अशी पाटी होती. पाटी वाचून माझे डोळे भरून आले. आत एक साहेब बसले होते. त्यांनी जलपर्णी कापायचं यंत्र आहे असं सांगितलं.

“मग ते पाठवा ना!”

“पाठवलं असतं हो. पण ते तुमच्याकडच्या पुलाखालून जात नाही.”

“पुलाच्या वरच्या बाजूने आणा.”

“वरच्या बाजूला धरण आहे.” ते समजूत घालण्याच्या सुरात म्हणाले, “यंत्र फार चांगलं आहे. बघायचंय का?”

मी यंत्र पाहिलं. चांगलं होतं. त्यावर ताडपत्री होती. त्या यंत्रामागे एक बैठी खोली होती आणि त्या खोलीत मला कीटकबाई भेटल्या.

कीटकबाई प्राधिकरणाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि एकट्याच होत्या. त्यांच्याकडे टबच्या टब भरून करड्या रंगाचे, नाकाच्या जागी बारीकशी सोंड असलेले भुंगे होते. जलपर्णी ज्या मुलखातून आपल्याकडे आली तिथेच तिचे हे वैरी राहतात. पानं हे खातात, देठ यांची पिल्लं पोखरतात, आणि वनस्पती हळूहळू हात टेकते. “फार गुणी आहेत हो,” त्या म्हणाल्या. “उपाशी मरतील, पण जलपर्णी सोडून दुसऱ्या पानाला तोंड लावणार नाहीत.” आमच्या घरातल्या एकाही माणसाबद्दल मला असं छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

प्राधिकरणाची योजना अशी होती, की नागरिकांनी थोडे भुंगे घरी न्यायचे, जलपर्णी खायला घालून वाढवायचे, आणि पुरेसे झाले की मुख्य साहेबांच्या हस्ते समारंभाने नदीत सोडायचे. “पण परस्पर सोडायचे नाहीत हं,” कीटकबाईंनी बजावलं. “मी बघितल्याशिवाय नाही. माझी मुलं आहेत ती.” मी त्यांना शब्द दिला.

“डास घालवायला म्हणून तुम्ही घरात किडे आणलेत?” बायकोने विचारलं. चादरी भिजवायचा निळा टब मी ताब्यात घेतला, बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवला, त्यात पाणी, पाण्यात जलपर्णी आणि जलपर्णीवर भुंगे. ते दिवसा झोपतात असं कीटकबाईंनी सांगितलं होतं. तरीसुद्धा मी टबाकडे पाठ करून अंघोळ करू लागलो. परक्यासमोर मला जमत नाही.

आता या पाहुण्यांना रोज ताजी पानं लागत. म्हणजे ज्या जलपर्णीविरुद्ध मी चार कचेऱ्या पालथ्या घातल्या, तीच बादलीत घालून भर रस्त्यातून मी घरी आणू लागलो. “काय, लोणी लावायला चाललात का शत्रूला?” प्राध्यापकांनी जिन्यात विचारलं आणि स्वतःच हसले. समोरच्या वहिनींनी बादलीतलं एक रोप उचलून नेलं. “एकच हो, फुलासाठी.” चार दिवसांनी त्यांच्या गॅलरीत काचेच्या भांड्यात जांभळं फूल आलं. मग ते वकिलांच्या बायकोने पाहिलं. मग सगळ्या इमारतीने पाहिलं. महिनाभरात आमच्या इमारतीतली एकही गॅलरी अशी उरली नाही, की जिथे जलपर्णी आनंदाने नांदत नव्हती. लोक तिला खत घालत होते. एकीने तर माझ्याकडे तक्रार केली, की तुमच्याकडचं रोप नीट वाढत नाही, दुसरं द्या.

भुंगे मात्र वाढत होते. पानांवर बारीक बारीक चट्टे पडत होते, देठ काळे पडत होते, आणि हे सगळं अगदी शास्त्रोक्त चाललं आहे असं कीटकबाई फोनवर सांगत. त्यांनी मुख्य साहेबांची तारीख घेतली. मंडप ठरला. प्राध्यापकांनी आपण होऊन भाषण लिहायला घेतलं. बायकोसुद्धा जरा नरमली. “होतंय तर बघू दोन महिने,” ती म्हणाली. “तोवर दादाला सांगते, त्या फ्लॅटवाल्याला थांबवून ठेव म्हणून.” नरमली म्हणजे एवढीच नरमली.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी कामावरून आलो तर दारात दादाचे बूट. आतून घासण्याचा आवाज येत होता. मी बाथरूममध्ये धावलो. बाथरूम लखलखत होतं. निळा टब घासूनपुसून स्वच्छ, त्यात चादरी भिजत होत्या.

“या जावईबापू,” दादा हात पुसत म्हणाला. “नळ गळतो असं हिने सांगितलं म्हणून आलो. वॉशर बदललं. पण तुम्ही ही काय घाण साठवून ठेवली होती? एकूण एक पान भोकं पडलेलं, देठ सडलेले! सगळं उचललं आणि मागे नदीत फेकून आलो.”

“आणि त्यावरचे किडे?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“हां, काहीतरी चिकटलेलं होतं खरं. तेही गेलं की त्याच्याबरोबर.”

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिला प्रकार कळला. मला वाटलं, आज तरी ती भावाला दोन शब्द सुनावेल. “त्याने आपलं चांगल्या मनानेच केलं,” ती म्हणाली. “तुम्ही टबावर चिठ्ठी तरी लावायची!”

मी मागे काठावर जाऊन पाहिलं. नजर जाईल तिथपर्यंत पानंच पानं. त्यातली माझी कुठली हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. उद्या साहेब येणार, कीटकबाई ‘मुलांना’ भेटायला येणार, आणि भुंगे न्यायची माझी डबी रिकामी. समारंभ फसला की योजना बंद, योजना बंद की जलपर्णी कायम, आणि जलपर्णी कायम म्हणजे दादाच्या दारासमोर दार. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मला खरंच रडू येत होतं.

“त्यात काय एवढं?” दादा म्हणाला. “सोंडवाले किडेच हवेत ना? धान्यात होतात ते सोंडे काय वेगळे दिसतात? डबीत घाला थोडे. डबीत कोण वाकून बघतंय!”

खोटा दावा करणाऱ्या माणसाचे डोळे कसे असतात ते मला पक्कं माहीत आहे. त्या क्षणी जिन्यातल्या खिडकीच्या काचेत मला ते दिसले. तरी मी उठलो आणि बायकोला विचारलं, “आपल्या धान्यात सोंडे आहेत का?”

“माझ्या धान्यात?” ती म्हणाली. या दोन शब्दांत तिने माझ्या सात पिढ्यांचा हिशेब चुकता केला.

तेव्हा मी घरोघर सोंडे उसने मागायला निघालो. साखर मागता येते, खुर्च्या मागता येतात, पंप मागता येतो. पण “तुमच्या धान्यात किडे असतील तर मूठभर द्याल का” हे वाक्य सभ्य माणसाच्या तोंडात बसतच नाही. समोरच्या वहिनी ते ऐकून दाराला टेकल्या. “आमच्याकडे? अहो, मी डबे उन्हात वाळवते! वकिलांकडे विचारा, तिथे असतील.” वकिलांच्या बायकोने मला पूर्ण बोलूही दिलं नाही. “वहिनींनी पाठवलं ना तुम्हाला? त्यांनाच विचारा, त्यांच्या पिठात काय काय निघतं ते!” प्राध्यापकांनी दार उघडून माझा प्रश्न ऐकला, गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, “किडे हे निष्काळजी गृहव्यवस्थेचं लक्षण असतं,” आणि दार लावून घेतलं. इमारतभर फिरून मी रिकाम्या हाताने परत आलो. एवढ्या स्वच्छ लोकांत मी राहतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी जेमतेम बसलो असेन, तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या वहिनी होत्या. हातात झाकलेली वाटी. “आमच्या भाडेकरूचं धान्य पडून होतं,” त्या इकडेतिकडे बघत कुजबुजल्या. “कुणाला बोलू नका हं.” त्यांना भाडेकरू कधीच नव्हता. त्या गेल्या, तशा वकिलांच्या बायको आल्या. त्यांनी पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, “नणंदेने पाठवलेले गहू.” एकाने बरणी दारात ठेवली, बेल वाजवली आणि जिन्यावरून धूम ठोकली; पण त्याची खोकण्याची लकब मला माहीत होती. सर्वांत शेवटी प्राध्यापक स्वतः आले. बंद डबा टेबलावर ठेवून म्हणाले, “एका प्रयोगासाठी मुद्दाम जोपासले होते.” कीटकबाईंच्या प्रयोगशाळेत नसतील एवढे सोंडे आमच्या टेबलावर जमा झाले. जमाखर्चाच्या प्राध्यापकांचा वाटा सर्वांत मोठा होता.

बायको हे सगळं दाराआडून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की लग्नाच्या दिवशीही मी ते पाहिलं नव्हतं. शेवटी ती वरच्या फळीवरून एक पिशवी काढून घेऊन आली. “हे पण घ्या,” ती हळूच म्हणाली. “दादाकडून आलेलं धान्य आहे. त्याला सांगू नका.” पिशवी चालत होती. त्या दिवसातला तेवढा एकच क्षण मला मनापासून आवडला.

दुसऱ्या दिवशी मुख्य साहेब आले. मंडपात फीत होती, माइक होता, माइकला शिट्टी होती. प्राध्यापकांनी निसर्गाच्या समतोलावर भाषण केलं. मग मी डबी पुढे केली आणि साहेबांनी ती नदीवर उघडून उपडी केली.

धान्यातल्या सोंड्यांना नदी ठाऊक नसते. पाणी दिसताच ते सर्वच्या सर्व उलटे फिरले आणि साहेबांच्या बाहीत शिरले. साहेबांनी आधी हसून हात झटकला, मग न हसता झटकला, आणि मग कोट काढला. “निसर्गाशी एकरूप!” प्राध्यापक माइकवरून ओरडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले. साहेब कोट हातात घेऊन गाडीत बसले आणि निघून गेले. मी सुटकेचा श्वास घेतला तो अर्धाच आत गेला, कारण कीटकबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांच्या तळहातावर एक सोंड्या होता आणि डोळ्याला भिंग होतं.

“हा माझा नाही,” त्या म्हणाल्या.

मी रिकामी डबी पाठीमागे लपवली.

“हा गव्हातला आहे. माझे कुठे आहेत?” त्यांनी विचारलं. रागावल्या असत्या तर मी सांभाळून घेतलं असतं. रागावलेली माणसं मी रोज पाहतो. ती बाई घाबरली होती. मी मान खाली घातली. आयुष्यात इतका लाजलो नव्हतो.

“मी सोडले त्यांना,” मागून दादा म्हणाला. “चला, दाखवतो.”

तो त्यांना आमच्या गॅलरीखालच्या काठावर घेऊन गेला. कीटकबाई चिखलात गुडघ्यावर बसल्या आणि एकेक पान उलटं करून पाहू लागल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांनी वर पाहिलं, तेव्हा त्या हसत होत्या.

“अहो, हे तर बसले! नव्या पानांवर गेलेत. ताजे चट्टे आहेत, बघा!” त्यांनी चिखलाच्या हाताने दादाचा हात धरला. “आणि जागा काय सुंदर निवडलीत! सावली, संथ पाणी, कोवळी पानं… आमच्या माणसांना सांगूनही असं जमत नाही.”

“ते सगळं बघूनच टाकले,” दादा म्हणाला.

माझा धंदा खोटं पकडण्याचा. इतकं स्वच्छ, न अडखळणारं, पापणी न लववता केलेलं खोटं विधान माझ्या सबंध नोकरीत माझ्यापुढे आलेलं नाही. आणि ते मी पकडू शकत नव्हतो, कारण माझी डबी त्याहून खोटी होती. बायकोने भावाकडे अशा नजरेने पाहिलं, की तिथून पुढे ही नदी त्याचीच झाली. मला काय मिळालं म्हणाल, तर समारंभाला आलेल्या, कक्षातल्या त्या यंत्रवाल्या साहेबांनी जाता जाता वर पाहिलं, आणि त्यांना सगळ्या गॅलऱ्यांत फुललेली जलपर्णी दिसली. परकी जलवनस्पती घरात बाळगणं गुन्हा आहे. “ही कुणी आणली?” त्यांनी विचारलं. ज्याच्या पिठात काय काय निघतं अशा प्रत्येक घराने एकमताने माझ्याकडे बोट दाखवलं. नोटीस मला आली.

पुढे सगळं कीटकबाई म्हणाल्या होत्या तसंच, आणि त्या म्हणाल्या होत्या तितकंच सावकाश झालं. आधी काठावरची पानं खुजी झाली, मग तपकिरी, मग ते पांघरूण विरत गेलं. दादा दर आठवड्याला यायचा आणि स्क्रू ड्रायव्हरने पानं उलटी करून पाहायचा. प्राधिकरणाने त्याला मानद नदीरक्षक केलं. त्यामुळे बायकोची मुदत आपोआप वाढत गेली. भावाची नदी सोडून ती कुठे जाणार? शेवटी एका वर्षी वरून जोराचं पाणी आलं आणि खिळखिळं झालेलं ते सगळं हिरवं एका रात्रीत वाहून गेलं. कुठे गेलं? खाली गेलं. खालच्या लोकांनी आता पाटबंधाऱ्यात जावं आणि तळाची चौकशी करावी.

सकाळी उठून पाहिलं तर मागे नदी होती. खरीखुरी, हलणारी, उन्हात चमकणारी. बगळेसुद्धा आले. संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि घरात कुणी कुणाला मारलं नाही. बायकोने ती रॅकेट माळ्यावर टाकली. “नाही जायचं आपण कुठे,” ती म्हणाली. मी गॅलरीत जाऊन एकटाच हसलो. कौतुक झालं नाही, नोटीस आली, सोंडे मागत दारोदार फिरलो, पण ज्यासाठी हे सगळं केलं ते मी मिळवलं होतं. माझ्या दारासमोर फक्त वहिनींचं दार होतं.

नदी दिसू लागली तशी आमच्या घरांना मागणी आली. प्राध्यापकांनी संधी साधून घर विकलं. जमाखर्च शेवटी कामाला आला. त्यांचं सामान खाली उतरत होतं तेव्हा मी त्यांना निरोप द्यायला गेलो आणि, निव्वळ शिष्टाचार म्हणून, घर कुणी घेतलं असं विचारलं. “म्हणजे तुम्हाला माहीत नाही?” ते म्हणाले. जिन्यावरून मीटरचा टेप हातात घेऊन दादा खाली येत होता.

“जावईबापू,” तो म्हणाला, “मी वाढवलेली नदी, तिला अशी दुसऱ्याच्या भरवशावर कशी टाकू?”

परवा सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलो होतो. पाणी शांत होतं. बरोबर डोक्यावरून आवाज आला. “जावईबापू, चहावर साय धरतेय.” वरून त्याला माझा कप दिसतो. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, “मी काय म्हणतो, आपण घर बदलायचं का?”

“का?” ती म्हणाली. “आता डास तरी कुठे आहेत?”